मट्टांचेरीचा इशारा

सप्टेंबर २०१९ मधील पावसात कोचीच्या मट्टांचेरी भागातील कडवुंबागम सिनेगॉगचा मोठा भाग कोसळला. ज्यू बांधवांचे हे प्रार्थनास्थळ सोळाव्या शतकातले. १९५० च्या दशकात त्याचे उपासक इस्रायलला निघून गेले, वास्तू दुसऱ्यांच्या हाती गेली, प्रार्थनेच्या जागी गोदाम आले आणि कालांतराने तेही बंद पडले. भिंती कोसळल्या त्या दिवशी याच सिनेगॉगचे अंतरंग मात्र हजारो मैलांवर, जेरुसलेममध्ये, सुखरूप होते. त्याचे कोरीव लाकडी छत आणि आतील रचना इस्रायल म्युझियमने आपल्याकडे नेऊन पुन्हा उभी केली आहे. त्या छतावरील नक्षीत केरळच्या मंदिरांत आणि मशिदींत काम करणाऱ्या सुतारांचा हात स्पष्ट दिसतो. म्हणजे आपल्या मातीतील कारागिरांनी घडविलेली वस्तू परदेशात जपली गेली आणि तिची मूळ जागा आपल्या डोळ्यांदेखत ढासळली.

ही घटना वृत्तपत्रांच्या आतल्या पानावर आली आणि विसरली गेली. वास्तविक ती विसरण्याजोगी नाही. ज्या घरात माणूस नांदत नाही त्या घराला वाळवी लागायला वेळ लागत नाही, हे आपल्याकडच्या कोणत्याही गृहिणीला ठाऊक असते. वारसा जतनाची धोरणे आखणाऱ्यांना मात्र ते अजून पुरते उमगलेले दिसत नाही. मट्टांचेरी आज जो इशारा देत आहे तो केवळ एका शहरापुरता नाही, म्हणून त्याची दखल घेणे आम्हाला अगत्याचे वाटते.

महाराष्ट्रातील बहुतेक मध्यमवर्गीय कुटुंबांना मट्टांचेरी माहीत असते ती केरळच्या सहलीमुळे. अर्ध्या दिवसात राजवाडा, परदेशी सिनेगॉग, ज्यू टाऊनमधील मसाल्यांची दुकाने आणि शेजारच्या फोर्ट कोचीतील चिनी जाळी पाहून मंडळी मुन्नारकडे वळतात. वाटाड्या सांगतो की, हा भारतातील सर्वांत बहुरंगी भाग असून पोर्तुगीज, डच आणि इंग्रज यांच्या येण्याने तो तसा झाला. आपणही मान डोलावतो. या सांगण्यात अर्धसत्य आहे, आणि अर्धसत्य हे पुष्कळदा असत्याहून अधिक घातक असते.

खरा इतिहास युरोपीय गलबतांच्या पूर्वी सुरू होतो. १३४१ मध्ये पेरियार नदीला महापूर आला, कोडुंगल्लूरचे प्राचीन बंदर गाळाने निकामी होत गेले आणि कोचीच्या खाडीचे मुख मोठ्या जहाजांना खुले झाले, असे मानले जाते. मिरीचा व्यापार तिकडे सरकला आणि त्यामागोमाग माणसे आली. पुढील काही शतकांत मट्टांचेरीच्या गल्ल्यांत कोण कोण येऊन राहिले, याची नुसती गणना केली तरी मन थक्क होते. गोव्याहून आलेले, कोंकणी बोलणारे गौड सारस्वत, दैवज्ञ सोनार आणि कष्टकरी कुडुंबी, गुजरातमधील वैष्णव वाणी आणि जैन, कच्छी मेमन, दख्खनी मुसलमान, तमिळ ब्राह्मण, तमिळ देशातून आलेला, कपडे धुण्याचा व्यवसाय करणारा वण्णान समाज, तेलुगू चेट्टी, सीरियन परंपरेचे ख्रिस्ती, आणि ज्यू. तासा-दोन तासांत पायी पालथ्या घालता येतील अशा वस्तीत तीसहून अधिक समाज आपापली भाषा, आपापले स्वयंपाकघर आणि आपापले दैवत सांभाळून राहिले. यातील बहुतेकांना कोणत्याही युरोपीय सत्तेने बोलावले नव्हते. पुष्कळजण तर युरोपीय सत्तेपासून जीव आणि धर्म वाचविण्यासाठीच येथे आले होते.

ज्यूंचेच उदाहरण घ्या. इसवी सन १००० च्या सुमारास चेर राजा भास्कर रविवर्मा याने जोसेफ रब्बान या ज्यू पुढाऱ्याला ताम्रपट देऊन मानसन्मान आणि व्यापारी सवलती बहाल केल्या. हे ताम्रपट आजही मट्टांचेरीच्या परदेशी सिनेगॉगचा ठेवा आहेत; जुलै २०१७ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी इस्रायलच्या भेटीत त्यांच्या प्रतिकृती तेथील पंतप्रधानांना भेट दिल्या होत्या. सोळाव्या शतकात कोडुंगल्लूर येथे ज्यूंचे जगणे कठीण झाले तेव्हा ते कोचीच्या राजाकडे आले. त्याच सुमारास स्पेन आणि पोर्तुगाल येथील धार्मिक छळातून सुटलेले त्यांचे धर्मबांधवही येऊन पोहोचले. राजाने त्यांना कुठे कोपऱ्यात ढकलले नाही. स्वतःच्या राजवाड्याला लागून जागा दिली. १५६८ मध्ये तेथे सिनेगॉग उभे राहिले. राजवाड्याच्या आवारातील भगवतीचे मंदिर आणि ज्यूंचे प्रार्थनास्थळ आजही शेजारी-शेजारी आहेत. सिनेगॉगच्या नावातील 'परदेशी' हा शब्द आपल्या भाषेतला आहे, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. ज्यांना जगभर परके म्हणून हाकलले गेले, त्यांना येथे परदेशी म्हणूनच घरात घेतले गेले.

दुसरी कथा तर आपल्या घरातली आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी गोव्यात मंदिरांचा विध्वंस आरंभिला आणि १५६० मध्ये इन्क्विझिशनचे धर्मन्यायालय सुरू झाले. कित्येकांनी आपली दैवते नदीपलीकडे अंत्रुज महालात नेली. कित्येक कुटुंबे गलबतांत बसून दक्षिणेकडे निघाली आणि कानडा किनारा ओलांडून कोचीला पोहोचली. त्यांनी तेथे चेरलाई भागात व्यंकटेशाचे मंदिर उभारले, त्याभोवती घरांच्या रांगा बांधल्या, बाजार वसविला, शाळा काढली. तिरुमला देवस्वम् हे त्यांच्या समाजजीवनाचे केंद्र आजही आहे. त्यांच्याबरोबर आलेल्या कुडुंबी समाजाने पोहे कांडण्यापासून बांधकामापर्यंत अपार कष्ट केले, आपली कोंकणी बोली टिकविली आणि केरळात एरवी फारसा परिचित नसलेला होळीचा सण आजवर जपला. गोव्याच्या भूमीवर मंदिरे पडली, पण ती भाषा आणि ती उपासना सातशे किलोमीटर दूर जिवंत राहिली. हे कोणत्याही सत्तेच्या कृपेने झालेले नाही. आश्रय देणाऱ्याच्या औदार्याने आणि आश्रय घेणाऱ्याच्या निष्ठेने झाले आहे.

या दोन समाजांच्या कथा एका ठिकाणी येऊन मिळतात. १६६२ मध्ये डच आणि पोर्तुगीज यांच्यातील संघर्षात पोर्तुगिजांनी परदेशी सिनेगॉगची नासधूस केली आणि कोंकणी मंदिरही त्यांच्या हातून सुटले नाही. त्याआधी नऊ वर्षे, जानेवारी १६५३ मध्ये, याच मट्टांचेरीत येथील ख्रिस्ती समाजाने एका क्रूसाला साक्ष ठेवून, पोर्तुगीज जेझुइटांचे वर्चस्व यापुढे मानणार नाही, अशी शपथ घेतली होती. 'कूनन क्रूसाची शपथ' म्हणून ती इतिहासात प्रसिद्ध आहे. हिंदू, ज्यू आणि भारतीय परंपरेत रुजलेले ख्रिस्ती अशा तिघांनाही एकाच शतकात एकाच असहिष्णुतेची झळ बसली. बहुविधतेचे श्रेय परकीय सत्तांना देणाऱ्यांनी हा कालक्रम एकदा नीट वाचावा.

या सहजीवनाचे फळ केवळ पोटापुरते नव्हते, ज्ञानाच्या क्षेत्रातही ते दिसले. डच सेनानी हेंड्रिक व्हान र्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा महाग्रंथ सिद्ध करविला. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथून त्याचे बारा खंड निघाले आणि त्यांत सातशेहून अधिक वनस्पतींची माहिती चित्रांसह आली. ही माहिती डचांची नव्हती. इट्टी अच्युतन हे एळव समाजातील वैद्य आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पू भट हे तीन कोंकणी वैद्य यांच्या ज्ञानावर हा ग्रंथ उभा आहे. तिघा कोंकणी वैद्यांनी १६७५ मध्ये लिहून दिलेले साक्षपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. ते कोंकणी भाषेत आणि नागरी लिपीत आहे. युरोपात छापल्या गेलेल्या नागरी अक्षरांच्या आरंभीच्या नमुन्यांत त्याची गणना होते. गोव्यातून परागंदा झालेल्या कुटुंबांच्या वंशजांनी केरळच्या वनौषधींचे ज्ञान एळव वैद्याच्या खांद्याला खांदा लावून जगापुढे ठेवले, याहून समरसतेचे बोलके उदाहरण कोणते? पुढे तीन शतकांनी वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनी आयुष्याची अनेक दशके वेचून या लॅटिन ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद २००३ मध्ये आणि मल्याळम् अनुवाद २००८ मध्ये सिद्ध केला. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

अर्थात इतिहासाकडे पाहताना केवळ सोयीचे तेवढे उचलणे आम्हाला मान्य नाही. मट्टांचेरीच्या या उज्ज्वल पटावर डागही आहेत. १७९१ मध्ये कोचीच्याच राजाने, शक्तन तंपुरानने, कोंकणी व्यापाऱ्यांवर हत्यार उचलले आणि मंदिराची लूट झाली. व्यंकटेशाची मूर्ती त्रावणकोर राज्यात न्यावी लागली. ती १८५३ मध्ये परत आली. आश्रय देणाऱ्या गादीवरचा पुढचा राजा लोभी निघू शकतो, हे सत्य नाकारता येत नाही. ज्यू समाजाच्या आतही भेद होता. परदेशी सिनेगॉगमध्ये मुक्त केलेल्या दासांच्या वंशजांना बरोबरीचे स्थान नव्हते. त्याच समाजातील वकील ए. बी. सालेम यांनी गांधीजींच्या मार्गाने सत्याग्रह करून तो भेद मोडून काढला आणि लोक त्यांना 'ज्यूंचे गांधी' म्हणू लागले. आज ज्यू टाऊनमधील रस्त्याला त्यांचे नाव आहे. कुडुंबींच्या कष्टांवर पेठा उभ्या राहिल्या, पण मानाच्या पंगतीत त्यांना पुष्कळ काळ जागा नव्हती. हे सारे मान्य केल्याने मट्टांचेरीचे महत्त्व उणावत नाही. उलट, सहजीवन ही एकदा मिळून कायम राहणारी वस्तू नसून प्रत्येक पिढीने सांभाळण्याची गोष्ट आहे, एवढेच त्यातून सिद्ध होते.

मग आज नेमके काय घडत आहे? स्वातंत्र्याच्या सुमारास कोचीच्या परिसरात सुमारे अडीच हजार ज्यू होते. इस्रायलच्या स्थापनेनंतर ते निघून गेले. कुणी त्यांना हाकलले नाही. जेथे त्यांचा द्वेष झाला नाही अशा जगातील मोजक्या देशांत भारत आहे, हे त्यांनीच पुनःपुन्हा सांगितले आहे. १९६८ मध्ये परदेशी सिनेगॉगला चारशे वर्षे झाली तेव्हा पंतप्रधान इंदिरा गांधी समारंभास उपस्थित होत्या आणि टपाल तिकीटही निघाले. त्या समारंभात मिरवलेला समाज आज जवळजवळ संपला आहे. प्रार्थनेसाठी दहा प्रौढ पुरुष लागतात, तेही कित्येक वर्षांपासून स्थानिकांतून जमत नाहीत. सिनेगॉगमधील हाताने रंगविलेल्या चिनी फरशा लखलखीत आहेत, मनोऱ्यावरच्या घड्याळाची आंतरराष्ट्रीय संस्थेच्या साहाय्याने डागडुजी झाली आहे, तिकीटखिडकीपुढे रांग आहे. पण घर म्हणून त्या रस्त्यावर राहणारे ज्यू कुटुंब शोधू गेल्यास निराशा पदरी येते.

ज्यूंचे जाणे हा त्यांच्या श्रद्धेचा आणि इच्छेचा प्रश्न होता. परंतु तीच कळा आता इतर समाजांवर येत आहे आणि तेथे श्रद्धेचा प्रश्न नाही. तेथे प्रश्न आहे पोटाचा, पाण्याचा आणि डोक्यावरच्या छपराचा. मट्टांचेरी जगली ती मिरीवर. रॉबर्ट ब्रिस्टो या इंग्रज अभियंत्याने १९२० च्या दशकात नवे बंदर उभारण्यास आरंभ केला आणि विलिंग्डन बेटावर धक्के झाले, तेव्हापासून जहाजे मट्टांचेरीच्या दारातून हलली. तरीही गोदामे आणि दलालांच्या पेढ्या राहिल्या. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या मसाला व्यापाऱ्यांच्या संघटनेच्या ज्यू टाऊनमधील सभागृहात मिरीचे वायदे तोंडी बोलीने होत असत. पुढे व्यवहार संगणकावर गेले, २०११ मध्ये वल्लारपाडम् येथे कंटेनर टर्मिनल सुरू झाले आणि सुंठ-मिरीच्या पोत्यांनी भरलेली गोदामे एकामागून एक रिकामी झाली. हमाल, हातगाडीवाले, सुंठ निवडणाऱ्या स्त्रिया, तोलणारे, दलाल, कारकून अशी मोठी साखळी तुटली. काम गेले की तरुण बाहेर पडतो. तरुण गेला की जुने घर म्हाताऱ्यांच्या अंगावर पडते.

आणि जुने घर सांभाळणे सोपे नाही. जांभ्या दगडाच्या भिंती, चुन्याचा गिलावा, सागवानी तुळया आणि मंगलोरी कौले अशी ही बांधणी. चुन्याचा गिलावा श्वास घेतो, भिंतीतील ओल बाहेर टाकतो. त्यावर सिमेंट थापले की ओल आत कोंडते, क्षार वर येतात, भिंत आतून भुसभुशीत होते आणि तुळयांची टोके कुजतात. चुना मळणारा गवंडी मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. म्हणून गरीब मालक सिमेंटच लावतो आणि आपल्याच घराचे आयुष्य घटवितो. त्यात भर म्हणून मोठ्या भरतीचे खारे पाणी गल्ल्यांत शिरते. कलवत्तीसारखे कालवे, ज्यांनी हे पाणी वाहून न्यायचे, ते गाळाने आणि सांडपाण्याने भरले आहेत. अशा वेळी एखादा हॉटेलवाला चांगली रक्कम देऊ लागला तर वारसदारांनी घर विकले म्हणून त्यांना दोष कोण देणार?

शासन काहीच करीत नाही, असे आम्ही म्हणणार नाही. राजवाडा आणि त्यातील रामायणाची अप्रतिम भित्तिचित्रे पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखाली आहेत. स्मार्ट सिटी योजनेत मट्टांचेरी आणि फोर्ट कोची यांचा समावेश झाला. २०२३ मध्ये जल-मेट्रो सुरू झाली आणि २०२५ मध्ये तिचा थांबा मट्टांचेरीलाही आला. तुरुत्ती भागात गरीब कुटुंबांसाठी बहुमजली घरकुले उभी राहिली. वारसा क्षेत्रातील गरिबाला त्याच क्षेत्रात घर देण्याचा हा प्रयत्न निश्चित स्वागतार्ह आहे. २०१२ पासून भरणाऱ्या कोची-मुझिरिस बिएनाले या कलाप्रदर्शनाने पडीक गोदामांना नवे आयुष्य दिले, हेही खरे. काश्मीरहून येऊन ज्यू टाऊनमध्ये हस्तकलेची दुकाने थाटणारे व्यापारी हे तर स्थलांतराच्या त्याच जुन्या वहीतील नवे पान आहे. नव्या माणसांच्या येण्याला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. मट्टांचेरी घडली तीच अशा येण्यातून.

आमचा आक्षेप आहे तो दृष्टीला. सध्याच्या जतनाच्या कल्पनेत दर्शनी भिंत मोजली जाते, भिंतीमागचे कुटुंब मोजले जात नाही. रस्त्याला फरसबंदी आणि जुन्या घाटाचे दिवे बसतात. त्याच रस्त्यावरच्या घरात मैलापाणी शिरते याची नोंद वेगळ्या खात्यात होते. किती वास्तू जपल्या याचा अहवाल निघतो. गेल्या दहा वर्षांत किती कुटुंबे गेली, याचा अहवाल कुणी मागत नाही. परिणामी वारसा क्षेत्र म्हणजे दिवसा गजबजलेले आणि रात्री ओस पडणारे दुकानांचे संकुल, अशी गत होऊ लागते. ही प्रगती नव्हे. मांडणी कितीही सुंदर असली तरी त्याला नाटकाचा रंगमंचच म्हणावे लागेल.

याचा पुढचा अंक कसा असतो हे पाहायचे असेल तर मलेशियातील पेनांग बेटावरील जॉर्ज टाऊनकडे पाहावे. चिनी, मलय, तमिळ आणि गुजराती स्थलांतरितांनी घडविलेले हे नगर मट्टांचेरीचे सख्खे भावंड शोभेल. तेथे जुन्या घरांचे भाडे कायद्याने नियंत्रित होते. तो कायदा रद्द होऊन १ जानेवारी २००० पासून नियंत्रण उठले. भाडी भडकली आणि पिढ्यान्‌पिढ्या दुकानावरच्या माडीवर राहणारी असंख्य कुटुंबे व कारागीर बाहेर फेकले गेले. त्यानंतर, २००८ मध्ये, युनेस्कोने जॉर्ज टाऊनला मलाक्काच्या जोडीने जागतिक वारशाचा मान दिला. इमारती वाचल्या, हॉटेले आणि उपाहारगृहे आली. पण ज्या लोकजीवनासाठी मान मिळाला ते लोकच पांगले होते. भाडेनियंत्रण कायमचे राहावे असा याचा अर्थ नाही. त्याने घरमालकही खंगतो आणि घरही, हे मुंबईकरांना सांगण्याची गरज नाही. अर्थ इतकाच की रहिवाशाची सोय आधी लावावी आणि मग बाजाराला दार उघडावे. क्रम चुकला की वारसा हातचा जातो.

म्हणून मट्टांचेरीसाठी काही गोष्टी तातडीने व्हायला हव्यात. पहिली, दुरुस्तीचे साहाय्य थेट राहत्या कुटुंबाला मिळावे. चुना, कौले आणि लाकूड यांचा पुरवठा आणि ते काम जाणणाऱ्या गवंडी-सुतारांची पथके नगरपालिकेच्या पातळीवर तयार व्हावीत. त्याने घरे वाचतील आणि तेथीलच तरुणांच्या हाताला काम मिळेल. दुसरी, एका गल्लीतील किती घरांचे निवासी हॉटेलांत रूपांतर होऊ द्यायचे याला मर्यादा असावी. जो मालक स्वतः राहून पाहुण्यांना दोन खोल्या देतो त्याला सवलत आणि जो घर रिकामे करून व्यवसाय करतो त्याला अधिक कर, असा भेद करता येतो. तिसरी, कालव्यांचा गाळ आणि मैलापाण्याची व्यवस्था हे वारसा जतनाचेच काम मानले जावे. चौथी, ज्या संस्थांनी हा भाग शतकानुशतके सांभाळला त्यांना निर्णयात स्थान असावे. देवस्वम्, १८८३ पासून कार्यरत असलेले गुजराती महाजन, वण्णान समाजाचा संघ, मशिदींच्या आणि चर्चच्या समित्या यांनी मंदिरे, शाळा, धर्मशाळा आणि धोबीघाट चालविले ते कोणत्याही प्राधिकरणाच्या आदेशाची वाट न पाहता. समाज स्वतःच्या बळावर उभा राहतो आणि शासन त्याला पूरक ठरते, ही आपली परंपरा आहे. जतनाची योजना याच पायावर उभी राहिली तर टिकेल.

पाचवी गोष्ट भाषेची. घर दुरुस्त करता येते, पण बोली एकदा गेली की तिचा सांगाडाही हाती उरत नाही. कोचीच्या कोंकणीत चार शतकांपूर्वीच्या गोव्याचे शब्द आणि मल्याळम्‌चे संस्कार एकत्र नांदतात. १९६६ मध्ये कोचीत स्थापन झालेल्या कोंकणी भाषा प्रचार सभेने आणि एन. पुरुषोत्तम मल्ल्या यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी या भाषेसाठी आयुष्य वेचले. २०१५ मध्ये मल्ल्या यांना पद्मश्री मिळाली, तो या निष्ठेचाच गौरव होता. कुडुंबी स्त्रियांची गाणी, देवस्वम्‌ची जुनी दप्तरे, व्यापाऱ्यांच्या खातेवह्या यांची नोंद आणि जपणूक हे काम गोव्यातील आणि महाराष्ट्रातील विद्यापीठांनी हाती घेण्यासारखे आहे. तेथील लोकांचे कुलदैवत आजही अंत्रुज महालात आहे. मग त्यांच्या इतिहासाचे पालकत्व आपले नाही काय?

मराठी माणसाचा या वस्तीशी आणखी एक धागा आहे. आपल्या कोकणातील बेने इस्रायल समाज शतकानुशतके तेलाचे घाणे चालवीत, शनिवार पाळीत गावगाड्यात मिसळून गेला होता. त्यांना आपल्या धर्माचे ग्रंथज्ञान पुन्हा मिळवून देण्यासाठी जे शिक्षक आले ते प्रामुख्याने कोचीच्या ज्यूंपैकी होते. सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत या समाजाचे पहिले सिनेगॉग बांधले. ज्या रस्त्याला सॅम्युअल स्ट्रीट म्हणतात तेथे ते आजही उभे आहे. याच समाजाने मराठीतून कीर्तने रचली आणि इस्रायलमध्ये जाऊनही 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालविले. वारसा वास्तूंसाठी १९९५ मध्ये नियमावली करणारी मुंबई या बाबतीत देशात अग्रेसर ठरली. पण मांडवी, मशीद बंदर, गिरगाव, खोताची वाडी येथील गल्ल्यांकडे पाहिले तर मट्टांचेरीचेच प्रश्न थोड्या फरकाने दिसतात. इमारतीची श्रेणी ठरली. त्यात राहणाऱ्याचे काय, हा प्रश्न बाकी राहिला.

तेव्हा आमच्या वाचकांना एक विनंती. पुढच्या वेळी कोचीला जाल तेव्हा ज्यू टाऊनमध्ये छायाचित्रे घेऊन परतू नका. मुलाबाळांना घेऊन चेरलाईत जा, व्यंकटेशाचे दर्शन घ्या, देवळाबाहेर कोंकणी बोलणाऱ्या एखाद्या आजोबांपाशी घटकाभर बसा. गुजराती रस्त्यावरील जैन मंदिर पाहा, तांब्याच्या छपराच्या नावाने ओळखली जाणारी चेंबिट्टा मशीद आणि तिचे लाकूडकाम पाहा, वण्णान बांधवांचा धोबीघाट पाहा. राहायचे असेल तर जेथे घरमालकीण स्वतः चहा करून देते अशा घरी राहा. तुमचे चार पैसे ज्या हातांत पडतील त्यावरच ते घर राहते राहील की विकले जाईल हे ठरणार आहे. आणि परत आल्यावर आपल्याच शहरातील एखाद्या जुन्या वाड्यात, एखाद्या जुन्या गल्लीत अजून टिकून असलेल्या कुटुंबाची विचारपूस करा.

आश्रय देणे हे या भूमीचे मोठेपण आहे, असे आपण अभिमानाने सांगतो. ते सांगण्याचा अधिकार आपल्याला पूर्वजांच्या कृतीने मिळाला. तो टिकविण्यासाठी आपली स्वतःची कृती लागेल. शरण आलेल्याला राजवाड्याशेजारी जागा देणाऱ्या समाजाने त्याच्या वंशजाला भाडे, भरतीचे पाणी आणि अनास्था यांच्या हवाली करावे, हे त्या पूर्वजांना शोभणारे नाही. मट्टांचेरीत अजून देवळांत दिवा लागतो, अजून गल्लीत सहा भाषा ऐकू येतात, अजून पुष्कळ घरांत चूल पेटते. काम करायला वेळ आहे तो एवढ्यामुळेच. आणि तो फार नाही.